पावशेराचें विमान आणि त्याचा बाजार

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या वर्धा जिल्ह्यांत लग्नाच्या मांडवावर एक नवा पाहुणा घिरट्या घालूं लागला आहे. वरात निघाली कीं लहानथोर सर्वांच्या माना वर होतात, आणि नवरदेवाकडे पाहावयाचें सोडून मंडळी त्या भुणभुणणाऱ्या ड्रोनकडेच पाहत राहतात. शाळेच्या मधल्या सुट्टींतही याच यंत्राच्या गोष्टी चालतात. "दहावी झाली कीं एक ड्रोन घ्यावयाचा आणि धंदा सुरू करावयाचा," असें म्हणणारे विद्यार्थी आम्हांस भेटतात, आणि "गुरुजी, पोराच्या हट्टापायीं पैसे घालावे काय?" असें विचारणारे त्यांचे वडीलही भेटतात. हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. ज्या घरीं कपाशीच्या एका हंगामावर वर्षाचा संसार चालतो, त्या घरीं साठ-सत्तर हजार रुपये म्हणजे मुलीचें शिक्षण किंवा विहिरीवरचा पंप असतो. म्हणून या चिमुकल्या विमानास आपल्याकडे खरोखर बाजारपेठ आहे काय, याचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र इतकें हलकें कां झालें तें पाहूं. याचें कारण जितकें शास्त्रांत आहे तितकेंच कायद्यांत आहे. मोबाईल फोनसाठीं लक्षावधि संख्येनें तयार होऊं लागलेले सूक्ष्म कॅमेरे, तोल ओळखणारे संवेदक व हलक्या लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्या. त्यांनाच चार पंखे जोडून हें विमान उभें राहिलें. हा झाला शास्त्राचा भाग. कायद्याचा भाग असा कीं, सुमारें २५० ग्रॅमपेक्षां जड यंत्राची नोंदणी झालीच पाहिजे, असा नियम अमेरिकेनें डिसेंबर २०१५ मध्यें केला. वरून पडणाऱ्या वस्तूनें माणसास किती इजा होईल, या हिशेबावर ती रेषा आखिली होती. तेव्हां चीनमधील शेन्झेन येथील डीजेआय कंपनीनें ३० ऑक्टोबर २०१९ रोजीं 'मॅव्हिक मिनी' नांवाचा ड्रोन जाहीर केला. त्याचें वजन २४९ ग्रॅम! जपानांत मर्यादा २०० ग्रॅमची होती, म्हणून तेथें त्याच यंत्राची १९९ ग्रॅमची आवृत्ति निघाली. पुढें जून २०२२ मध्यें जपाननें ती मर्यादा १०० ग्रॅमवर आणिली, आणि एवढ्या कारागिरीनें मिळविलेली सवलत तेथें संपुष्टांत आली. असा बाजार कायद्याच्या एका ओळीवर उभा राहतो व दुसऱ्या ओळीनें खालीं बसतो, हा येथें घेण्यासारखा पहिला धडा आहे.

आपल्या देशांतही तेंच घडलें. ऑगस्ट २०२१ मध्यें नवे ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास 'नॅनो' व त्यापुढें दोन किलोपर्यंतच्या यंत्रास 'मायक्रो' असें नांव मिळालें. नॅनो चालविण्यास वैमानिकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. मायक्रो धंद्यासाठीं चालवावयाचा असेल तर तें लागतें, आणि तें मिळविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण होऊन दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते. देशाच्या नकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग पाडले असून, हिरव्या विभागांत ४०० फुटांपर्यंत उडविण्यास वेगळी परवानगी नको. हें वाचून कोणासही वाटावें कीं, आतां पावशेराच्या विमानाची चलती होणार. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्यें तयार विदेशी ड्रोन आणण्यावर सरकारनें बंदी घातली. संरक्षण, संशोधन अशा कांहीं कामांपुरता अपवाद ठेविला व सुट्या भागांची आयात मोकळी ठेविली. एका हातानें दार उघडलें, दुसऱ्या हातानें माल थांबविला. यांत हेतु स्वदेशी कारखाने उभे राहावे हा होता, व तो आम्हांस मान्य आहे. त्यासाठींच सप्टेंबर २०२१ मध्यें १२० कोटी रुपयांची उत्तेजन-योजना निघाली होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें ड्रोनवरील कर सरसकट ५ टक्क्यांवर आला.

मग स्वदेशी यंत्र आपल्या बाजारांत कां दिसत नाहीं? कारखानदाराच्या जागीं बसून पाहिलें म्हणजे याचें उत्तर मिळतें. मुंबईच्या आय.आय.टी.मधून निघालेल्या तरुणांनीं २००७ मध्यें स्थापिलेली आयडियाफोर्ज ही कंपनी घ्या. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटांत उडालेलें यंत्र तिचेंच. ती मोठी झाली ती मुख्यत्वें सैन्य, सुरक्षा दलें व सर्वेक्षण यांस यंत्रें पुरवून. दुसरा मोठा गिऱ्हाईक शेती. नोव्हेंबर २०२३ मध्यें मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेंत महिलांच्या १५ हजार बचतगटांस फवारणीचे ड्रोन देण्यासाठीं १,२६१ कोटी रुपये ठरले; एका यंत्रामागें ८० टक्के, परंतु ८ लाखांपर्यंत, साहाय्य. हीं यंत्रें औषधाची टाकी वाहणारीं, अंगानें भारी. पावशेराशीं त्यांचें नातें नाहीं. सरकारसारखा एकरकमी गिऱ्हाईक समोर असतां, हौशी माणसासाठीं स्वस्त व नाजुक यंत्र करण्याची यातायात कोण करील?

या पोकळींत जें होतें तें वाईट होतें. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें मोठ्या शहरांतील एका दुकानांतून पावतीवांचून एक विदेशी ड्रोन आणिला. पहिली लग्नसराई बरी गेली. दुसऱ्या वर्षीं एका मांडवाच्या दोरींत पंखा अडकून यंत्र खालीं आलें. भाग मिळेना, दुरुस्ती करणारा मिळेना. ज्यानें विकिलें त्यानें ओळखही दाखविली नाहीं. पावती नाहीं म्हणून कोणाकडे दाद मागण्याची सोय नाहीं. तें यंत्र आतां कपाटांत आहे, आणि त्याच्यासाठीं घेतलेल्या उसनवारीचे हप्ते मात्र चालू आहेत.

आतां आपल्या जिल्ह्यापुरतें पाहूं. या जातीचीं यंत्रें सामान्यतः ४० अंश उष्णतेपर्यंत चालविण्यासाठीं केलेलीं असतात. आपल्याकडे लग्नें वैशाखांत, आणि वैशाखांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांजवळ! म्हणजे ज्या महिन्यांत मिळकत, त्याच महिन्यांत यंत्राच्या जिवास धोका. शेतींत उपयोग होईल म्हणावें, तर आपल्या कपाशीचा मोठा वैरी जी गुलाबी बोंडअळी, ती बोंडाच्या आंत बसते. वरून काढलेल्या साध्या छायाचित्रांत ती दिसत नाहीं. पेरणी कोठें उगवली नाहीं, पाणी कोठें तुंबलें, रानडुकरांनीं कोणती बाजू तुडविली, एवढें मात्र चांगलें दिसतें. तरी बोरच्या व्याघ्रप्रकल्पांत वनखात्याच्या परवानगीवांचून, व पुलगांवच्या दारूगोळा भांडाराजवळ कोणीही हें खेळणें नेऊं नये, हें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. शेजाऱ्याच्या अंगणांत डोकावणें हेंही, नियम असो वा नसो, सभ्य माणसाचें काम नव्हे.

थोडा हिशेब करूं. समजा, यंत्रास ६० हजार व जादा बॅटऱ्यांस १५ हजार लागले, आणि तें तीन वर्षें टिकलें. वर्षाचा भार २५ हजार. दुरुस्ती व प्रवासाचे १० हजार धरितां ३५ हजार. एका समारंभाचे १,५०० रुपये मिळाले तर पहिले चोवीस समारंभ खर्चाच्या भरपाईंतच जातात, मजुरी पंचविसाव्यापासून. त्याच गांवांत दुसऱ्या तरुणानें यंत्र घेतलें कीं दोघांचेंही गणित बिघडतें. ज्याचा छायाचित्रणाचा धंदा आधींच चालू आहे त्यास ही भर उपयोगी पडेल. केवळ याच एका यंत्रावर संसार मांडणारास मात्र पडणार नाहीं.

"मोबाईलही प्रथम श्रीमंतांची चैन होता, आज तो शेतमजुराच्या खिशांत आहे," असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे, पण दाखला जुळत नाहीं. फोन दिवसांतून पन्नास वेळां लागतो. ड्रोन वर्षांतून चार वेळां, तोही अर्धा तास. लाऊडस्पीकर आणि वरातीचा घोडा कोणी घरोघरीं बाळगीत नाहीं. लागेल तेव्हां भाड्यानें आणितात. या विमानाचा बाजारही आपल्याकडे तसाच, भाड्याचा आणि दुरुस्तीचा, राहील असें आमचें स्पष्ट मत आहे. सुमारें १३ लक्ष वस्तीच्या, आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यांत लग्नांखेरीज जिनिंग कारखान्यांचीं छपरें, नाल्यांचें खोलीकरण, रस्त्यांचीं व सौर पट्ट्यांचीं कामें यांच्या पाहणीस प्रत्येक तालुक्यांत दोन-तीन कुशल हात पुरतील. पण ते हात कुशलच हवेत. बॅटरी कशी सांभाळावी, जळालेली मोटर कशी बदलावी, नकाशाचे रंग कसे वाचावे, हें ज्यास येतें त्यास काम मिळेल. नुसतें बटण दाबतां येणाऱ्यास तें मिळणार नाहीं.

या बाबतींत आपल्या जिल्ह्यास परक्या गुरूची गरज नाहीं. अखिल भारत चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस लाविलें होतें. अटी अशा: यंत्र हलकें असावें, झोंपडींत चालावें, याच देशांत तयार व्हावें, किंमत १५० रुपयांपेक्षां अधिक नसावी, तें वीस वर्षें टिकावें, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊं नये. तें बक्षीस कोणासही मिळालें नाहीं. परंतु अटींचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं. ज्या वर्ध्यांत १९३४ सालीं मगनवाडीस ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि १९३८ पासून मगन संग्रहालय उभें आहे, तेथील विद्यार्थ्यांनीं तरी कोणतेंही नवें यंत्र हातीं घेतांना विचारावें: हें येथें दुरुस्त होतें काय? किती वर्षें टिकतें? आणि याच्या मिळकतींतून याचें कर्ज फिटतें काय?

या तिन्ही प्रश्नांस ज्या दिवशीं एखादा स्वदेशी कारखानदार 'होय' असें उत्तर देईल, त्या दिवशीं पावशेराच्या विमानास हिंगणघाटपासून आष्टीपर्यंत गिऱ्हाईक मिळेल, आणि आम्हीही पालकांस निःशंकपणें पैसे घालण्यास सांगूं. कदाचित् तो कारखानदार आज आमच्याच एखाद्या वर्गांत बांकावर बसला असेल. तोंपर्यंत मुलांनीं यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें उघडून जोडावयास शिकावें, आणि वडिलांनीं पंपाचे पैसे पंपासच ठेवावे, हीच आमची सूचना आहे.