पऱ्हाटीत झोपलेली अळी



एप्रिलमध्ये कारंजा तालुक्यातल्या धनजला खालांकडे गेलो होतो. अंगणात पऱ्हाटीचा मोठा ढीग रचलेला होता. खाला समाधानाने म्हणाल्या, "बेटा, पावसाळाभराच्या जळणाची सोय झाली."

ढिगातले एक काळपट, न उमललेले बोंड मी फोडले. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवल्या, तर आत गुलाबी अळी, जिवंत!

हीच गुलाबी बोंडअळी. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, करड्या-तपकिरी पतंगाची ही अळी. त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1843 मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झाली. आज कापूस पिकवणाऱ्या बहुतेक उष्ण देशांत तो आढळतो. कापूस हे त्याचे मुख्य खाद्य. भेंडी आणि अंबाडीवरही तो जगतो.

अळी कोवळ्या बोंडात शिरली की शिरल्याचे छिद्र बुजते. बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि फवारा आत पोहोचत नाही. 2006 मध्ये दोन जनुकांचे बीटी बियाणे आले, पण पुढे या अळीने त्यालाही दाद दिली नाही. 2017 च्या हंगामात विदर्भाने त्याची मोठी किंमत मोजली.

हिची दुखती नस एकच. कापूस नसेल तेव्हा ती सरकीत, किडक्या बोंडात झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. फरदड ठेवली की तिला आणखी काही महिने अन्न मिळते. अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले. तिथे बीटी कापूस आणि वांझ पतंग यांच्याबरोबर पिकाचे अवशेष वेळेत नष्ट करण्यावरही भर होता.

म्हणून डिसेंबरअखेर पीक काढावे, फरदड घेऊ नये. हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

"मग चूल कशावर पेटवू?" खालांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "खाला, पऱ्हाटी ठेवा, पण बोंडे तोडून आधी जाळा. ढीग शेतापासून दूर असू द्या आणि पावसाआधी संपवा."

त्या संध्याकाळी आम्ही सगळेच ढिगाभोवती बसलो. दोन टोपल्या बोंडे निघाली. रात्रीच्या भाकरी त्याच आगीवर झाल्या.