मत मागण्यासाठीही रस्ता

२०२५ चं वर्ष कसं गेलं, ते वाचकांना सांगायला नको. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन नासलं, कापसाची बोंडं झाडावरच भिजली. मला मात्र वर्षभर एक वाक्य सलत राहिलं: ‘मतदानानं काही होत नाही, आता क्रांतीच हवी.’ नेपाळात ९ सप्टेंबरला पंतप्रधान ओलींना पायउतार व्हावं लागलं, तेव्हापासून ते अधिकच जोरानं ऐकू येतं. पण तिथंही सुशीला कार्कींचं हंगामी सरकार येताच ठरली ती निवडणुकीची तारीख, ५ मार्च २०२६.

आपला दाखला तर घरचाच आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तरी नोव्हेंबर १९५६ मध्ये पदरी पडलं ते द्विभाषिक राज्य. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली, खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडातून जेमतेम तरले. (आपल्या विदर्भानं तेव्हा काँग्रेसला हात दिला, हेही नोंदवलं पाहिजे.) रस्त्यावर रक्त सांडलं नसतं तर समितीला मतं कुठून मिळाली असती, असं कुणी विचारेल. ते खरंच आहे. पण मोर्चा कितीही मोठा असला तरी ‘हे मूठभर लोक’ म्हणून सरकारला तो झटकता येतो. मोजलेली मतं झटकता आली नाहीत, आणि १ मे १९६० उजाडला.

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित क्रांतीबरोबर सत्याग्रहही सोडायला सांगितला, तो संविधानिक मार्ग खुले झाले म्हणून. मग तो मार्गच अडला तर? २०२२ पासून २०२५ पर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, आपल्या नांदुऱ्यातही. नाली तुंबली तर जाब विचारायला नगरसेवक नव्हता. ओबीसी आरक्षणाचा वाद रेंगाळत राहिला, आणि ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा कुठं यंत्रणा हलली. इतक्या वर्षांत ‘आमची निवडणूक घ्या’ म्हणून महाराष्ट्र रस्त्यावर उतरला नाही. क्रांतीची हाक देणारेही गप्प राहिले, आणि माझा राग त्यावर आहे. रस्त्यावर उतरायला याहून रास्त कारण नव्हतं.

या अंकाचा विषय पाणी, आणि पाण्याचा जाबही मतानंच विचारता येतो. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात गाव गमावणाऱ्यांवरचा लेख याच दृष्टीनं वाचावा. पुन्हा उमेदवार दारात येतील. नळाला पाणी किती दिवसांआड येणार आणि प्रशासकाच्या काळातला खर्च कुणी तपासला, एवढं त्यांना विचारा.