रोपाबरोबर त्याची वार्ताही द्यावी

दुर्मिळ वनस्पतीचे रोप एका वैद्याने दुसऱ्यास द्यावे, ही आपल्या व्यवसायातील जुनी व स्तुत्य प्रथा होय. परंतु रोप हाती येते आणि त्याची हकीकत मागेच राहते. ही उणीव केवढी महाग पडते, हे जाणण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या टपालखात्याचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची सिद्ध केली. १८३९ साली, ग्रंथ छापून पूर्ण होण्यापूर्वीच, ते निवर्तले. उरलेले काम त्यांचे स्नेही जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. त्याच सुमारास पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन सैन्याच्या औषधभांडारास औषधे पुरवीत होते. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेटीमुळे रोपे महिनोन्‌महिने समुद्रप्रवास सोसू लागली. १८३३ साली ऑस्ट्रेलियास धाडलेल्या पेट्यांनी ते सिद्ध केले आणि लॉडिजेससारख्या रोपवाटिकांनी त्या पेट्या लागलीच उचलल्या.

बियाण्यांबरोबर पत्रेही जात. कोणास काय गवसले, कोणाची ओळख फसली, कोणते रोप जगले नाही, अशी खबरबात त्यांत असे. वरवर पाहता हे गप्पाष्टकच. वस्तुतः एकाची चूक दुसऱ्याने सुधारण्याचा तो मार्ग होता. डाल्झेल व गिब्सन यांचा १८६१ चा ‘बॉम्बे फ्लोरा’ अशा देवाणघेवाणीवाचून संभवताच ना.

या मंडळींचा एक दोषही ध्यानी घ्यावा. दापोडीच्या वनस्पतींची १८४७ ते १८५० या काळातील सुंदर चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. ती रेखाटणाऱ्या एतद्देशीय चित्रकाराचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. रोप दाखविणाऱ्या वाटाड्यांची व वैदूंची नावेही बहुधा अशीच लोपली.

आता आपल्या भंडाऱ्याकडे वळू. नागझिरा व कोका यांच्या परिसरातील वने, गायखुरीचे डोंगर आणि गावोगावचे मालगुजारी तलाव हे आपले वैभव. तरीही औषधालयात ‘रास्ना’ म्हणून येणारा माल नेमका कोणता, हा प्रश्न सुटत नाही. एका प्रांती प्लुचिया, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचा कंद, तर बंगालकडे झाडावर वाढणारा व्हँडा ‘रास्ना’ ठरतो. शंखपुष्पीचीही तीच गत. संदिग्ध द्रव्याचे फळ शेवटी रुग्णास भोगावे लागते आणि अपयश मात्र शास्त्राच्या माथी येते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संघटनेच्या प्रत्येक बैठकीत सभासदांनी बागेत वाढविलेली रोपे व बियाणे आणावे. अभयारण्यातील काहीही उपटू नये. प्रत्येक रोपासोबत चिठ्ठी असावी : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, मूळ ठिकाण, तारीख, फुलण्याचा काळ आणि ते प्रथम दाखविणाऱ्याचे नाव, मग तो वैद्य असो, गोंड शेतकरी असो वा ढिवर भगिनी. औषधनिर्मात्यांनीही मालाच्या गोणीसोबत अशीच चिठ्ठी मागावी. ओळखीविषयी शंका असल्यास ती चारचौघांत बोलून दाखवावी. त्यात कोणाचा अवमान नाही.

नाव नसलेले रोप बागेची शोभा वाढवील. औषध म्हणून विश्वासाने देता येईल ते नाव-गाव असलेलेच.