काचेतलं जंगल आणि आपली लेकरं

सिंगापूरला फिरून आलेले लोक काचेच्या घुमटातल्या जंगलाचे फोटो टाकतात. ३५ मीटरच्या धबधब्याखाली लेकरं आ वासून उभी! छान आहे, जरूर दाखवा. आता कोणीतरी म्हणेलच, 'यवतमाळात असं काही पाहिजे राव!'

माझा ठाम विरोध. लंडनच्या क्यू बागेत उष्ण प्रदेशातल्या ताडांसाठी १८४८ साली काचेचं घर पूर्ण झालं. तिथे थंडी, म्हणून खाली कोळशाच्या भट्ट्या पेटवून झाडं जगवली. आपल्याकडे ऊन फुकट आहे. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. तिथे आपण जातो फक्त वाघासाठी. नाही दिसला, तर म्हणे पैसे वाया!

आणि शहरातली बाग म्हणजे काय? पेव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकची घसरगुंडी. मे महिन्यात तिला हात लावला तर पोट्ट्यांना चटका बसतो. मोह कोणता, तेंदू कोणता, हे त्यांना सांगणार कोण?

मतं मागायला येतील त्यांना काचेचा घुमट मागू नका. बागेत मोह, पळस, कडुनिंब लावा म्हणावं. प्रत्येक झाडावर मराठी नावाची पाटी, प्यायचं पाणी आणि लहान लेकरांसाठी स्वच्छ संडास. यात कोट्यवधींचं टेंडर निघत नाही. अडचण तीच आहे.