परतीची वायर

फेजचं आपल्याकडं फार कौतुक. घरातली लाईट गेली की आपण आधी शेजाऱ्याकडं बघतो. त्याचीही गेलेली असली तर मनाला शांती लाभते. त्याच्याकडं पंखा फिरत असला तर मात्र मिस्त्रीला बोलावणं जातं. मिस्त्री खिशातला टेस्टर काढून प्लगाच्या भोकात खुपसतो, दिवा लागतो आणि निकाल जाहीर होतो, "सर, फेज तर बराबर यायलाय!" पंखा बंद, फ्रीजमधलं दूध नासायच्या बेतात, पण फेज यायलाय. मग काय, आरतीच करायची!

माझं भांडण या फेजभक्तीशी आहे. हिंगोलीहून परभणीला गेलेल्या एस. टी. परत आल्याच नाहीत, तर उद्या हिंगोलीच्या स्टँडवरून काय सुटणार? विजेचं तसंच आहे. तांबडी वायर जेवढं नेते तेवढंच काळ्या वायरीनं परत आणायचं असतं. या बिचारीचं नाव न्यूट्रल. नावच असं, की तिच्या बाजूनं बोलायला कोणी उभं राहत नाही.

खरं तर तपास सोपा आहे. बटण चालू ठेवून प्लगाच्या दुसऱ्या भोकातही टेस्टर घाला. तिथंही दिवा लागला, तर न्यूट्रल कुठंतरी तुटलंय. फेज बल्बातून पलीकडं येऊन परतीची गाडी नाही म्हणून ताटकळत बसलाय. "दोनी भोकात फेज!" म्हणून मिस्त्री हरखतो, तो याच वेळी. रोग बहुधा मीटरशेजारच्या डब्यात असतो. तिथं न्यूट्रल लिंक नावाची पितळी पट्टी असते. तिच्या एकेका स्क्रूखाली दोन-दोन वायरी कोंबलेल्या. स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो, काळा पडतो, म्हणून आणखी तापतो. मेन बंद करून वायरीचं तोंड खरवडायचं, स्क्रू आवळायचा, संपलं. पण आवळण्याचं बिल किती लावणार? म्हणून एमसीबी बदलला जातो.

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्रानं तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या हिश्शाएवढी हालचाल टिपायची! अवश्य टिपावी. फक्त त्याच जिल्ह्यात अर्धा आटा सैल झालेला स्क्रू कोणाला सापडत नाही, एवढं नम्रपणे नमूद करतो.

इथवर हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही. "न्यूट्रल नाही ना? अर्थिंगवर देतो की जोडून!" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याला चहा न पाजता वाटेला लावा. बल्ब लागतो, म्हणून सगळे खूश. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो. जमिनीत जायची वाट अडली की तोच फेज हिरव्या वायरीनं उलटा कूलरच्या पत्र्यावर येऊन बसतो. पत्रा ओला. बादलीनं कूलर भरणारी घरची बाई असते, नाहीतर सुट्टीला आलेलं नातवंड, आणि पाय अनवाणी. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालणारे महाभाग याच जातीचे. १९५६च्या वीज नियमांनी ते चक्क मना केलं होतं. कारण तो फ्यूज उडाला की दिवे विझतात, घर मात्र जिवंत राहतं. विझलेला दिवा बघून माणूस निर्धास्त हात घालतो.

खांबावरचं न्यूट्रल तुटलं तर मग गल्लीचाच निकाल. तीन फेजांवरच्या घरांना २३० व्होल्टच्या मापात धरून ठेवणारं तेच. ते गेलं की ज्या फेजवर बोजा जास्त तिथं दिवे मिणमिणतात, आणि कमी बोजावाल्याकडं व्होल्टेज चारशेच्या दिशेनं धावतं. आमच्याकडं बल्बाची तार नुसती लालसर दिसत होती, तेव्हा समोरच्या काकांचा टी.व्ही. धूर काढून गप्प झाला. काका तरातरा आले आणि दारातूनच ओरडले, "मास्तर, तुमचे व्होल्ट आमच्याकडं का सोडायलात?"

शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.