वारीतले जुलाब आणि शौचाचे कल्चर

शौचाच्या कल्चरचा निकाल बहुतेक वेळा नमुना घेतानाच ठरून गेलेला असतो. माळशिरस तालुक्यात आषाढी वारीच्या दिवसांत हे फार जाणवते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते, तुकाराम महाराजांची अकलूजवरून. आज माळशिरसला जुलाब झालेला वारकरी उद्या वेळापुरात असतो. पंढरपूरच्या यात्रेतून पटकी गावोगाव पोचे, तो काळ फार जुना नाही.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घ्यावा. सलाईन वा ओआरएस मात्र त्यासाठी थांबवू नये. रुंद तोंडाची कोरडी डबी, लघवी नाही, फिनेल नाही. आव किंवा रक्त दिसेल तोच भाग उचलावा. दोन तासांत प्लेटवर पोचणार नसेल, तर स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात ठेवावा. नमुना सोलापूरला पाठवायचा, तर ते इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि शिगेला जंतू तेवढी वाट पाहत नाही. पटकीचा संशय असल्यास नुसता नमुना बर्फात ठेवू नये, कारण पटकीच्या व्हिब्रिओ जंतूला थंडी सोसत नाही. भाताच्या पेजेसारख्या जुलाबांसाठी वेंकटरामन-रामकृष्णन यांचे १९४१चे समुद्री मिठाचे द्रावण आजही चालते. इतके स्वस्त साधन तालुक्याच्या प्रयोगशाळेत नसावे, याला सबब नाही.

हँगिंग ड्रॉपमध्ये सुसाट धावणारे जंतू आणि विशिष्ट सीरम घालताच थांबणारी त्यांची हालचाल, एवढ्यावर पटकीचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये सहा ते आठ तास ठेवून टीसीबीएसवर लावल्यास चपट्या पिवळ्या वसाहती येतात. ऑक्सिडेज चाचणी त्यांच्यावर थेट करू नये; आधी न्यूट्रिएंट अगारवर घ्यावे. मग ओ१ आणि ओ१३९ सीरम. एक्सएलडीवर साल्मोनेलाची वसाहत लाल, बहुधा मधोमध काळी. शिगेलाची नुसती लाल. कॅम्पिलोबॅक्टरला ४२ अंश तापमान आणि कमी ऑक्सिजन लागतो. ती सोय बहुतेक ठिकाणी नसते.

म्हणूनच ‘रोगजंतू आढळले नाहीत’ एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा. कोणते जंतू शोधले, तेही लिहावे. ‘ई. कोलाय वाढले’ हा तर अहवालच नव्हे. तो जंतू निरोगी आतड्यातही असतो, आणि अशा कागदावरून कित्येकांना नको ती औषधे दिली जातात.

प्रत्येक रोग्याचे कल्चर करण्याची गरज नाही. एका मुक्कामावर जुलाबांचे रोगी वाढू लागले, की पहिल्या काहींचे नमुने गोळीआधी घ्यावेत, पटकीचा संशय येताच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे आणि डबीवर मुक्कामाचे नाव न विसरता लिहावे.