ग्रेडरचा अंगठा आणि दुकानदाराची जीभ



या वेळी आम्ही दारूच्या दुकानाविषयी लिहिणार आहोत. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा अंक वैनगंगेच्या दोन्ही काठांवर वाटला जातो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ती बंदी मागायला २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बाया पायी गेल्या होत्या. त्यांना दुखवायला आम्ही लेखणी उचललेली नाही. दारू प्यावी की पिऊ नये, हा वाद आज बाजूला ठेवू. दारूचा कच्चा माल ज्याच्या शेतात आणि ज्याच्या जंगलात तयार होतो त्याच्या पदरात काय पडते, एवढेच पाहू.

आपल्याकडचे दारूचे दुकान सर्वांना ठाऊक आहे. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढे भोक. गिऱ्हाईक नोट सरकवतो, ब्रँडचे नाव घेतो, कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन निघतो. विकणारा काही सांगत नाही, घेणारा काही विचारत नाही. बाटलीत काय आहे, कशापासून केले, कुठून आले, याच्याशी दोघांनाही देणेघेणे नसते.

दुकानाचा दुसराही एक प्रकार जगात आहे. स्कॉटलंडमधल्या एल्गिन गावात १८९५ साली गॉर्डन आणि मॅकफेल या दोघांनी किराणा दुकान काढले. चहा, साखर, पीठ विकता विकता ते आसपासच्या भट्ट्यांची नवी व्हिस्की पिंपांत भरून घेऊ लागले. वर्षानुवर्षे ती मुरू द्यायची, चाखून पाहायची आणि पक्व झाली की भट्टीचे नाव घालून विकायची, असा त्यांचा व्यवहार. आज जगभर ज्याचे नाव चालते तो जॉन वॉकरही किलमार्नॉक गावचा किराणावालाच. त्याचे दुकान १८२० चे. कंपनीचा माल खपवण्याचे बंधन नसलेल्या अशा दुकानदाराचे भांडवल म्हणजे त्याची जीभ. तो पेल्यात घोटभर घेतो, वास घेतो, दोन थेंब पाणी घालून पुन्हा वास घेतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. दिवसात वीस-तीस नमुने पाहायचे तर प्यायची सोय नाही. मग गिऱ्हाइकाला सांगतो, हिला पीट जाळून वाळवलेल्या सातूचा धूर आहे, ती शेरीच्या पिंपात मुरली म्हणून मनुकांची चव आहे, आणि त्या महागाच्या बाटलीला हात लावू नका, तुमच्या जेवणाला ही स्वस्तातली बरी. हे शेवटचे वाक्य जो बोलू शकतो तोच खरा स्वतंत्र दुकानदार.

आता कापूस संकलन केंद्र आठवा. एकाधिकार खरेदी १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपल्या दोन पिढ्यांनी ग्रेडर पाहिला. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धागा ओढायचा आणि ग्रेड पुकारायची. त्याचेही कसब चाखणाऱ्यासारखेच. पण चाखणारा मालाचे नाव पुढे घेऊन जातो, ग्रेडर मागे ठेवून येतो. त्याने भाव पाडला की त्याचे काम संपले. गाठीवर गावाचे नाव नाही, शेताचे नाही, की शर्ट घेणाऱ्याने अमक्या मुलखाचा कापूस मागावा. हे कायमच असे नव्हते. १८६० च्या दशकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटच्या कापसाचा भाव त्याच्या नावाने वेगळा निघत असे. आपल्या शेजारच्या गावाचे नाव तेव्हा समुद्रापलीकडे चालत होते.

दारूत हे नाव पुसण्याचे काम यंत्र करते. या देशात व्हिस्की म्हणून जी खपते तिच्यातला बराचसा अल्कोहोल उसाच्या मळीपासून निघतो. युरोपच्या कायद्यात तिला व्हिस्की म्हणता येत नाही. तिथे धान्यच लागते. मळी असो की धान्य, त्यापासून आधी असा अल्कोहोल काढतात की ज्याला स्वतःचा वास नाही, चव नाही. कारखान्याच्या भाषेत तो ‘न्यूट्रल’. रंग आणि सुगंध मागून घालायचा.

२००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून दारूचे धोरण आणले, तेव्हा जाहिरात आपल्याच नावाने झाली. पावसात काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळेल, असे सांगितले गेले. डॉ. अभय बंग यांनी आरोग्याच्या बाजूने विरोध केला, तो रास्तच होता. आमचा आक्षेप हिशेबाचा आहे. जिथे चवच काढून टाकायची तिथे ज्वारी, मका आणि तांदळाची कणी सारखीच. कारखाना स्टार्च घेतो, आणि ज्या आठवड्यात जो स्टार्च स्वस्त तो घेतो. तिथे चांगल्या ज्वारीला जास्त भाव मिळायचे कारणच उरत नाही. अनुदान कारखान्याला आणि पुण्य शेतकऱ्याच्या नावावर, ही रीत आपल्याला नवी नाही.

याच ज्वारीची दुसरी गोष्ट चीनमध्ये आहे. ग्वेचौ प्रांतातली मौताई ही तिथली सर्वांत मानाची आणि महागाची दारू. ती स्थानिक लाल, चिकट ज्वारीपासून होते. एका वर्षाच्या चक्रात धान्य नऊ वेळा वाफवतात, आठ वेळा आंबवतात, सात वेळा दारू काढतात. पातळ सालीची, लवकर फुटणारी ज्वारी एवढ्या वेळा वाफवली तर तिचा लगदा होतो, म्हणून त्यांना तीच ज्वारी लागते. स्कॉटलंडमध्येही भट्टीला देण्याच्या सातूत नत्र सुमारे १.६५ टक्क्यांच्या आत लागते. युरियाचा हात सैल सुटला की माल नाकारला जातो आणि गुरांच्या खाद्यात जातो. चवीची अट शेतापर्यंत पोचते आणि तिच्याबरोबर भावही पोचतो.

आपण ज्वारीची दारू काढावी असे आम्ही सुचवत नाही. चवीचे पैसे आपल्याकडेही मिळतात. हुरड्याला गुळभेंडी मागणारा माणूस साध्या ज्वारीचा हुरडा घेत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वऱ्हाड आणि झाडीपट्टीतल्या ज्वारीला कोणी चाखून नाव दिले? आपणच दिले नाही, तर व्यापारी कशाला देईल?

आणि मोह. या दोन जिल्ह्यांत चवीचे सर्वांत मोठे धन तेच, आणि सर्वांत मातीमोल तेच. द्राक्षाच्या बागेवर कधी दारूबंदीचे कलम लागले नाही. मोहफुलांसाठी मात्र इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास कायदा केला आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही फुलांवर निर्बंध राहिले. ते निर्बंध राज्याने सैल केले ते २०२१ मध्ये. नाशिकच्या द्राक्षाला २००१ मध्येच वाइनचे धोरण मिळाले होते, आणि २७ जानेवारी २०२२ ला तर मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. विरोध झाला, अंमल रखडला. पण सरकारला शेतकरी म्हणून कोण दिसतो ते त्यातून कळले. (नाशिककरांचेही सगळे गोड नाही. २००८ नंतरच्या मंदीत वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही आणि अनेकांनी बागा उपटल्या.)

इतर राज्ये पुढे गेली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि ती काढण्याचा हक्क आदिवासींच्या गटांना दिला. गोव्यात २०१८ पासून मोहाची दारू शहरी बाटलीत मिळते. उद्या मुंबईचा एखादा दुकानदार ती चाखून तिच्या फुलाच्या वासाची तारीफ करील. त्या तारिफेतला पैसा कुरखेड्याच्या बाईपर्यंत यायचा असेल, तर तिच्या फुलाला आधी नाव आणि प्रत पाहिजे.

आज काय होते? पहाटे फूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. फुलाला राख लागते, धुराचा वास बसतो, कधी वणवा लागतो. अंगणातल्या मातीवर वाळवले की रेती येते. चार घरांचे फूल व्यापाऱ्याच्या एकाच पोत्यात जाते आणि चांगले-वाईट एका भावाने तोलले जाते. मग चांगले कशाला करायचे, असे बाईला वाटले तर तिचे काय चुकले? खरे तर कोणत्या झाडाचे फूल जास्त गोड हे तिला तोंडपाठ असते. एल्गिनच्या दुकानदारापेक्षा तिची जीभ कमी नाही. तिच्या जिभेला कोणी भाव विचारलेला नाही, एवढेच.

झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी बांधा. बांबूच्या ताट्यांवर, जमिनीपासून हातभर उंच, फूल वाळवा. मनुकेसारखा रंग आणि चिमटीत न चिकटणारे ते पहिल्या प्रतीचे; धुराचा वास आला की वेगळे पोते. ही प्रत गावच्या बायांनीच ठरवायची. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क मिळालेल्या ग्रामसभांना हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्यांनी आपला बांबू आपल्या वाहतूक पासवर विकला. तोवर तेही अशक्यच म्हटले जात होते. गडचिरोलीत या फुलाचे लाडू, पाक, सरबत करा. तिथली बंदी तशीच राहो. फूल कोणाला विकायचे आणि कोणाला नाही, हे ग्रामसभेतल्या बायांनी ठरवावे, आमचा त्यात आग्रह नाही.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठेवतो आहोत: धान्याच्या दारूला अनुदान नको, आणि मोहफुलाची खरेदी प्रतवार व्हावी. बैठकीला येताना प्रत्येक गावाने मागच्या हंगामाचे पायलीभर फूल आणावे. ज्या बायांनी ते वेचले त्याही सोबत याव्यात. नमुने चाखून प्रती त्या ठरवतील, आणि मार्चमध्ये फूल गळू लागण्याआधी ती यादी छापून गावोगाव पोचवू.